पंधरा नंबरची सीट

प्लाया, २३ ऑक्टोबर

तीर्थरूप तोमासाताईस,

धाकट्या सेबेरोचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी साखर आणि तुझा तो लंगडा कोंबडा, तिघंही बरे असतील अशी आशा आहे. (कोंबडा गेला असेल तर कळव, म्हणजे पुढच्या पत्रात विचारणार नाही.) माझं म्हणशील तर खातो, झुल्यात पडतो, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी बघतो. विल्बर्त हॉटेलात राब राब राबतो. सूनबाई येसेनिया जीव लावते आणि दाराला किल्लीही लावते; उन्हाळ्यात मी मासळीबाजारात चक्कर येऊन पडलो तेव्हापासून मला एकट्याला बाहेर सोडायचं नाही असा घरात कायदा झालाय. फिदेलियाला जाऊन सात महिने झाले. तुझा निरोप तेव्हा मिळाला होता, ‘तुझी ती गेल्याचं कळलं, वाईट वाटलं.’ अकरा वर्षं तू तिला ‘तुझी ती’च म्हणत आलीस, तेव्हा त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मृतांचे दिवस आता आठवड्यावर आले. तिचं हे पहिलंच वर्ष. ती येणार, आणि येणार ती चुनपिचच्या घरीच, कारण हे तिसऱ्या मजल्यावरचं खुराडं तिनं जन्मात पाहिलेलं नाही. तिथं कुलूप. मेणबत्ती नाही, मातीत पुरून भाजलेलं मक्याचं पिब नाही, वाडगाभर आतोलेची पेज नाही. एवढ्या लांबून बाई चालत येणार आणि स्वतःच्याच दाराशी उपाशी उभी राहणार, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरेना. विल्बर्तला म्हटलं, मला गावी सोड. तो म्हणाला, सणाच्या दिवसांत एक दिवसाची रजा मागितली तर हॉटेलवाले कायमची देतील. इथंच मांडू की आईचं ताट. अरे बाबा, मांडशील, पण तिला पत्ता कोण सांगणार?

तेव्हा मला आई आठवली. आपण मळ्यावरचं घर सोडून चुनपिचला आलो तेव्हा आईनं वारलेल्या आजीला आपल्या रेबोसोत, त्या लांब ओढणीत, बांधून आणलं होतं, आठवतं ना? जुन्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून तीनदा नावानं हाक, रेबोसोच्या पदराला गाठ, आणि नव्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत तोंडातून एक शब्द नाही. वाटेत बोललं की गाठीतल्या माणसाला वाटतं घर आलं, आणि ते तिथंच उतरतं. मी सहा वर्षांचा, वाटभर पेरू मागत रडलो, आणि आईनं उत्तरादाखल नुसते चिमटे काढले. (दंडावर अजून खूण आहे. तू म्हणतेस ती देवीच्या लशीची. नाही, ती आजीची आहे.)

पण चुनपिचला जायचं कसं? तर ताई, हसू नकोस, मी सहलीला गेलो. चुनपिचचे अवशेष बघायला! ज्या देवळांवरचं गवत मी बावीस वर्षं कोयत्यानं कापलं तीच देवळं बघायला, गार हवेच्या गाडीतून, गाईडसकट, जेवणासकट, छातीवर हिरवी चिकटपट्टी लावून. विल्बर्तला हॉटेलाकडून दोघांचं कूपन मिळालं होतं. दारातून नेतात आणि दारात आणून सोडतात, म्हणून ते घरच्या कायद्यात बसलं. तो बरोबर येणार होता, पण ऐनवेळी त्याची पाळी लागली. माझा नंबर चौदा, त्याचा पंधरा. गाईडला मी म्हणालो, पंधरा नंबर माझ्या बायकोसाठी राहू द्या, जाताना नाही, येताना असेल ती. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. इथंच मी माती खाल्ली.

गाईड म्हणजे इव्हान नावाचा राजधानीकडचा काडीपैलवान. नोकरीचा चौथा दिवस, शर्टाला अजून दुकानातल्या घड्या. गाडी सुटल्या सुटल्या त्यानं माइक हातात घेऊन सांगितलं, की माया लोक एके दिवशी नाहीसे झाले आणि कुठं गेले ते आजवर कुणालाही ठाऊक नाही. गाडीभर हळहळ झाली. मीही थोडी हळहळलो, शेजारधर्म म्हणून. पलीकडच्या सीटवर मोन्तेरेयच्या ग्रासिएलाबाई होत्या, त्यांनी विचारलं, आजोबा, तुम्ही कुठले? म्हटलं, जिथं चाललोय तिथलाच. त्या म्हणाल्या, अय्या, मग तुम्हाला तिकीट कशाला लागतं? ताई, या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

पोचल्यावर इव्हाननं मोठ्या देवळासमोर सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि प्रतिध्वनी ऐकवला. (आपण तिथं डुकरांना हाका मारायचो तेव्हाही तो यायचा, पण फुकट यायचा.) मग चाळीस मिनिटं मोकळी दिली. मी चेंडूच्या मैदानामागच्या भिंतीतून बाहेर पडलो. ते भगदाड माझंच, डब्याची वेळ झाली की घरी जेवायला जाण्यासाठी पाडलेलं. दहा मिनिटांत दारात. कुलूप गंजलंय, किल्ली घेऊन गेलो होतो तरी फिरेना. तिचा ओव्याचा वाफा वाळून गेलाय. अंगणातला पिबचा खड्डा मात्र तसाच आहे, ज्याच्यावरून तुमचं दोघींचं बिनसलं तोच. तिनं त्या वर्षी घाईनं माती उकरली, पिब आतून कच्चं निघालं, आणि तू चारचौघांत म्हणालीस, हे आत्म्यांसाठी नाही, वैऱ्यांसाठी केलंय.  त्यानंतर दर वर्षी ती पिब तासभर जास्त पुरून ठेवायची आणि करपवायची. मी ते करपलेलं अकरा वर्षं खाल्लं, तेव्हा या भांडणात सगळ्यात जास्त कुणी सोसलं ते तूच ठरव.

उंबऱ्याशी उभा राहून हाक मारली. पहिल्या हाकेला आवाज फुटला नाही, म्हणून ती मोजली नाही. दुसरीला फुटला. पुढच्या हाकेला शेजारच्या टर्कीनं ओ दिली. मी म्हटलं, गप रे, तुला नाही! (हे गाठ मारायच्या आधी बोललो, चालतं.) तिसरी हाक मारली, बरोबर नेलेल्या तिच्या काळ्या रेबोसोला गाठ मारली, आणि ओठ जे मिटले ते मिटले.

गाडीपाशी आलो तर इव्हान मोजत होता. एकोणीस. परत मोजले, एकोणीस. कागद पाहून माझ्याकडे आला, काका, तुमच्या मिसेस कुठंयत? मी रेबोसो दाखवला. त्याच्या दृष्टीनं पाहा ताई: बायको येणार म्हणून सांगणारा म्हातारा एकटाच परत आला, दातखीळ बसल्यासारखा गप्प, हातात बाईचा रेबोसो, आणि देवळांमागे ते खोल पाण्याचं कुंड. पोरगं पांढरंफटक पडलं. म्हणाला, काका, त्या पाण्यात तर नाही ना पडल्या? मी जोरात मान हलवली. तो म्हणाला, म्हणजे पडल्या?

मग जे झालं ते देवानं कुणाला दाखवू नये. रखवालदारांच्या शिट्ट्या, दोर, हाका. अनोळखी माणसं ‘सेन्योरा! सेन्योरा!’ करत झाडीत घुसली. ग्रासिएलाबाईंनी जपमाळ काढली. इव्हान दगडावर बसून चक्क रडायला लागला, की चौथ्याच दिवशी माझ्या हातून एक बाई गेली. मला त्याची इतकी दया आली की काय सांगू. माझ्याही हातून गेली रे, असं सांगावंसं वाटलं. एक वाक्य बोललो असतो तर सगळे सुटले असते, पण फिदेलिया तिथं पार्किंगमध्ये उतरली असती. मी गप्प राहिलो. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी एवढे कष्ट कधी घेतले नव्हते.

शेवटी मोठा रखवालदार आला. आपला इसिद्रो पोत, खांदा द्यायला होता तो. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, रेबोसोकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं, आणि टोपी काढली. इव्हानला म्हणाला, चढल्या त्या. इव्हान म्हणाला, कुठं? इसिद्रो म्हणाला, पंधरा नंबरला, नीट मोज. मग गाठीजवळ वाकून आपल्या भाषेत हळूच म्हणाला, सांभाळून जा हं वहिनी, वाट खराब आहे.  मग इव्हाननं नाक पुसून परत मोजले, आणि कागदावर वीस लिहिले.

घरी पोचलो, उंबरा ओलांडला, येसेनियाला ‘आलो’ म्हणालो. रेबोसो झुल्याच्या कडीला बांधलाय. चार दिवस झाले. रोज सकाळी उठून बघतो. खोलीत काही बदल जाणवत नाही. इथं खड्डा खणायला वीतभर माती नाही, पिब बेकरीतून आणणार आहेत. तरी एकंदरीत काम फत्ते झालं, असं म्हणायला हरकत नाही. काळजी नसावी.

तुझा धाकटा,
सेबेरो काउइच

ता. क. — कोंबड्याचं नक्की कळव.

ता. क. दुसरा — काम फत्ते झालेलं नाही. परतताना तिठ्यावरच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबली. रेबोसो मी पंधरा नंबरच्या सीटवर ठेवला होता. ग्रासिएलाबाईंनी त्याच्यावरच आपली भली थोरली पिशवी टेकवली आणि मी ओरडलो, ‘अहो, तिथं माणूस बसलंय!’ चार शब्द, ताई. पिशवी बाईंनी लगेच उचलली, बिचाऱ्या घाबरल्या. पण फिदेलियानं ऐकलं असणार आणि घर आलं म्हणून उतरली असणार. आता पंपावरून चालत ती कुठं जाईल? चुनपिचलाच जाईल. तेवढी एकच वाट तिच्या पायाखालची आहे.

ता. क. तिसरा — किल्ली पाकिटात आहे. कुलपाला आधी तेल दे. वायादोलिदहून सकाळच्या गाडीनं निघालीस तर पहिल्या तारखेला दुपारच्या आत पोचशील, इसिद्रो खड्डा खणून देईल. पिब कच्चं राहिलं तरी चालेल. तिला हसू येईल. मार्चमध्ये तू फाटकापर्यंत आली होतीस आणि तिथूनच परत गेलीस, ते मी पाहिलं होतं. या वेळी आत जा. आणि उंबऱ्यात उभी राहून हाक मारशील तेव्हा ‘सेबेरोची ती’ म्हणून मारू नकोस, तिला कळायचं नाही. फिदेलिया म्हण. तीनदा.