लग्नाचं पीठ

प्रिय भारत,

तुझ्या मथुरेच्या लग्नाची तारीख कळली. बीडहून आचारी आणणार, पुऱ्या आणि बुंदी करणार, हेही कळलं. कर बाबा. दूध सोसायटीचा चेअरमन झालास, मांडव मोठा हवाच. इकडे धर्मापुरीत विहिरी तळाला गेल्यात, टँकर येईल तेव्हा खरा. तुमच्याकडे नेकनूरलाही तेच असणार.

आई सध्या माझ्याकडे आहे. काल चुलीपुढं बसलो असताना माझ्या लग्नाचा विषय निघाला. बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा आचारी कुठला? घरोघरी पीठ वाटायचं आणि पंगतीच्या वेळी बायका भाकऱ्या भाजून टोपल्यांतून आणायच्या. तुला नुकतंच मिसरूड फुटलेलं. मांडवाच्या तोंडाशी उभा राहून तू टोपली तपासत होतास. शेजारच्या छबुकाकूचं टोपलं हलकं लागलं आणि वऱ्हाडासमोर तू तिला पीठचोर म्हणालास. ती टोपलं ठेवून, न जेवता गेली. त्यानंतर तिनं आपल्या कुठल्या कार्याला हात लावला नाही आणि तूही तिला बोलावलं नाहीस. भाकरी कमी पडली म्हणून मी सासरी पुष्कळ टोमणे ऐकले. आता त्याचं काही वाटत नाही.

आई म्हणाली, त्या दिवशी सगळ्यांचीच टोपली हलकी होती. आबांनी घरातली शेवटची ज्वारी दळून मुद्दाम जास्तीचं पीठ वाटलं होतं, त्यातलं थोडं ज्याच्या त्याच्या घरी राहावं म्हणून. "नुसतं दिलं तर कुणी घ्यायचं न्हाई, लग्नाचं म्हणलं की घेतील," असं ते आईला म्हणालेले. हे उघड झालं असतं तर सगळ्या आळीची मान खाली गेली असती, म्हणून तू बोललास तेव्हा आबा गप्प राहिले. एकटी छबुकाकू चोर ठरली. आबांचा मला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

एवढ्यासाठीच हे पत्र. बुंदी कर, पण पुऱ्या राहू देत, भाकरी गावातून येऊ दे. यंदाही घरं तशीच रिकामी आहेत. पहिलं पीठ छबुकाकूकडे तू स्वतः घेऊन जा. माझं बोलणं चुकलं म्हण, मथुरेच्या लग्नाला तुमच्या हातची भाकर पाहिजे म्हण. आबांची गोष्ट मात्र तिला सांगू नकोस. पीठ सढळ हातानं दे. आणि टोपलं आलं की वरचं फडकं उचलून बघू नकोस.

तुझीच,
गीताआक्का