आईची सुई आणि गोठलेला धूर

तीर्थस्वरूप शिगेमित्सुमामांना,

फुमिएचा कमरेतून वाकून नमस्कार. मोरिओकात बर्फ अजून छपरांवरच असेल. गुडघा काय म्हणतो? (गरम झऱ्यात नुसते बसता की साकेही घेता, ते मी मामींनाच विचारीन.) मी बरी आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

आई गेल्यावर जपून ठेवलेलं तिच्या सुईचं मोडकं टोक तुम्ही पाठवलंत, सुयांना निरोप द्यायच्या दिवशी तोफूच्या मऊ वडीत टोचायला. सुई जन्मभर जाड कापडात राबली, शेवटी मऊ जागी निजू दे, असं आईच म्हणायची. आमच्या प्रयोगशाळेतही बारीक सुया मोडतात, म्हणून मी सगळ्यांसाठी चांगला तोफू आणला. तो आमच्या साहेबांनी, नुकिनासाननी, आलं-सोया घालून जेवणात खाल्ला. वर म्हणाले, जरा पाणचट होता.

मग म्हटलं, तोफू नाही तर भट्टीत नापास झालेला ठोकळा काय वाईट? मामा, हा ठोकळा म्हणजे गोठलेला धूरच. हातात घेतला तर वजन नाही, उजेडाकडे धरला तर पहाटेचं आकाश. तो अंतराळयानाबाहेर लावायचा, म्हणजे गोळीच्या वेगानं येणारी ताऱ्यांची धूळ त्यात रुतून बसते. पण तापून तडकता कामा नये, आणि आमचे सगळे तडकले होते, एक सोडून. मी त्या निळाईत बघता बघता कुठल्या कुठे गेले (आई कापड हातात धरून अशीच बघत बसायची) आणि टोक टोचलं ते नेमकं त्या एकात. पार आत बुडालं. मी हात जोडले. चूक कळली तेव्हा ठोकळा शेवटच्या चाचणीला भट्टीत गेलेला. हा तडकला असता, तर सगळ्यांची मेहनत पाण्यात आणि आईची सुई कचऱ्यात.

तडकला नाही. मी रडत रडत साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं.

"काढायला गेलो तर ठोकळा फुटेल," ते म्हणाले. "आणि तोफू मी खाल्लाय, मी कुठल्या तोंडानं रागावू? जाऊ दे तिला वर."

तुमची भाची,
फुमिए

ता. क. मामींना एवढंच सांगा, की सुई मऊ जागी निजली.

पुन्हा ता. क. खरं काम राहिलंच. आई ज्या दुकानातून सुया घ्यायची, तिथली तशीच एक लगेच पाठवा. ठोकळा धूळ घेऊन परत आला की तिच्या धातूशी ताडून बघायला लागेल. नाहीतर त्यात आई कोणती आणि तारा कोणता, हे इथे कुणालाच सांगता यायचं नाही.