रिकामा डबा परत देऊ नये

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

पंचवटी, नाशिक
दि. १२ जून २०२३

चि. वाल्मीक यास नवसाबाईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिते आहे. फोन वाजू देता येतो, पोस्टमनला तसं दारात उभं करता येत नाही. इकडे सर्व बरे. सार्थकचा क्लास सुरू झाला. कुरडया वाळल्या, तुझ्या वाटणीच्या बाजूला काढून ठेवल्या आहेत.

अंजलीने सगळं सांगितलं. एकोणीस वर्षं त्या दैनिकात तालुक्याचं पान काढलंस आणि यादवराव खालकरांनी चहा थंड व्हायच्या आत तुझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. वर म्हणाले की निधनवार्ता न् दशक्रियेच्या बातम्या आता वाचतं कोण. संपादक झाला तरी आपल्या शिवेलगतच्या गावचा माणूस. निदान स्वतः दारापर्यंत यायचं. वॉचमन पाठवला, आणि तुझा जेवणाचा डबा आत टेबलावरच राहिला. मागितलास तरी दिला नाही म्हणे. तो डबा माझ्या लग्नातला आहे, झाकणावर माझं नाव कोरलेलं आहे. नोकरी त्यांची होती, त्यांनी घेतली. डबा माझा आहे.

आणि हे काही पहिलं नाही. आपले दादा गेले, डोक्यावरचं बापाचं छत्र गेलं, तेव्हा तू त्याच कचेरीत होतास. तरी त्यांची बातमी याच माणसाने पानावरून काढून टाकली, घरात पदावर कोणी नाही म्हणून, आणि त्या जागी कुठल्या सभापतीच्या सासऱ्याचा फोटो लावला. तू गप्प बसलास. मी बसले नाही, फक्त बोलले नाही.

काल वणीला गडावर जाऊन आले. देवीपुढे उभी राहून सांगितलं, की यादवरावाची मान चारचौघांत खाली गेलेली बघेन तेव्हाच साखर तोंडात घालीन. तुझ्या दाजींचं म्हणणं, देवीला असलं मागू नये. मी त्यांना सांगितलं की तिच्या अठरा हातांत जपमाळ एकच आहे, बाकी बहुतेक शस्त्रंच आहेत.

आता तू घरात तोंड लपवून बसू नकोस. कोण वाचतं म्हणाले ना, मग तेच लिही. कागद नसेल तर मोबाइलवर लिही. माझी अट एकच. गेलेल्या माणसाच्या बातमीत कोणाचंच पद लावायचं नाही, मग तो सरपंच असो की मंत्र्याचा व्याही. मेलेल्याने काय केलं तेवढं लिहायचं. दादांच्या वेळी जे झालं ते तुझ्या हातून दुसऱ्याच्या दादांचं होऊ नये.

अंजलीस आशीर्वाद. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
नवसाबाई


दि. २७ ऑगस्ट २०२३

ती. अक्का हिस वाल्मीकचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. तुझी तिन्ही पत्रं मिळाली. फोन उचलत नव्हतो कारण जो तो पहिला प्रश्न हा विचारायचा, की नोकरी कशी गेली, आणि दुसरा हा, की आता काय करणार. तू तिसराच विचारलास, डबा कुठे आहे. त्याचं मला बरं वाटलं.

दाजी भेटले तेव्हा म्हणत होते की साखर सोडून अक्का किराणा वाचवते आणि पुण्य देवीच्या नावावर मांडते. मी त्यांच्याच बाजूने आहे. मला सूड नको अक्का, पगार हवा.

तू म्हणालीस तसं केलं. मोबाइलवर ‘गावची खबर’ नावाचा गट काढला. सकाळी सातला कोण गेलं, दशक्रिया कुठे, वणीच्या बाजारात टोमॅटो काय भावाने गेला. पहिला आठवडा अंजली आणि तिच्या माहेरचेच वाचत होते. मग सुरगाण्याकडचा म्हातारा बुधा गेला, वणीच्या बाजारात नागली विकायचा तो. मी लिहिलं की त्याने माप कधी सपाट भरलं नाही, वर मूठभर जास्तच टाकली. ती बातमी इतकी फिरली की चार दिवसांत गट भरला, दुसरा काढावा लागला. आता मंडपवाले आणि ट्रॅक्टरवाले जाहिरात द्यायला लागलेत. पगार म्हणता येणार नाही, पण अंजलीची चिडचिड कमी झाली आहे.

पदाची अट पाळतो. एका माजी सभापतींचे चिरंजीव घरी येऊन बसले होते, वडिलांची सगळी पदं लावा म्हणून. मी म्हटलं, बहिणीची सक्त ताकीद आहे. त्यांना वाटलं तूच मालक. तसं ते चुकीचं नाही.

कुरडया पाठव. रागावू नकोस, रागावलीस तरी पत्रातच रागाव.

तुझा धाकटा,
वाल्मीक


पंचवटी, नाशिक
दि. ९ जानेवारी २०२५

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं, मग देवापुढे ठेवलं. यादवरावांना त्यांच्याच मालकांनी काढलं, आणि गावात मात्र ते रजेवर आहेत असं सांगतात. रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघतात आणि कॉलेज रोडला कुठल्याशा हॉटेलात बसून राहतात. वाचून मी भरदुपारी दिवा लावला. दुःखाने नाही.

पण तू हे पाकिटात घालून मला एकटीला का पाठवतोस? दीड वर्षात एवढे गट उभे केलेस ते काय टोमॅटोचे भाव सांगायला? एक ओळ टाक. संपादकांना नोकरीतून काढले. खोटं नाही, शिवी नाही. माझा नवस मी एकटीने वाचून फिटत नाही, चारचौघांत असं बोलले आहे.

तू टाकणार नाहीस, मला ठाऊक आहे. दादांवर गेलास. त्यांनीही पंचक्रोशीतल्या विहिरींत उतरून लोकांच्या पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढल्या आणि घरी येऊन ओले कपडे बदलून झोपले. कोणाकडे बोलले नाहीत.

संक्रांतीचे तिळगूळ पाठवते. मी चाखून बघितले नाहीत, तेव्हा गोड कमीजास्त असतील. रागाने आशीर्वाद देते आहे, तरी आशीर्वाद आहेत ते घे.

अक्का


दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस शि. सा. नमस्कार.

वि. वि. काल यादवरावांच्या आई कुसाबाई गेल्या. सार्थकने तुला गटावरची बातमी वाचून दाखवली असेल, म्हणजे आत्तापर्यंत तू माझ्या नावाने बोटं मोडली असशील. आधी ऐकून घे.

सकाळीच यादवरावांचा फोन आला. मला काढून टाकल्यानंतर पहिल्यांदाच. पाहुणेरावळे सगळे तुझ्याच गटावर बघतात, लवकर टाक म्हणाले. मग थांबून म्हणाले की शेवटी अमुक दैनिकाचे संपादक यादवराव खालकर यांच्या त्या मातोश्री होत, एवढं घाल.

अक्का, ते आता संपादक नाहीत हे मला माहीत, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. संपादक लिहिलं तर मी खोटं छापलं. माजी लिहिलं तर ते खरं, पण मग लोक म्हातारीला सोडून मुलाचीच चर्चा करतील. आणि उद्या हेही म्हणतील की वाल्मीकने मढ्याच्या आडून वैर काढलं. मग कोणाच्या घरचं माणूस माझ्या हाती कोण देईल? हा गट गेला तर मला तिसरं काही उभं करता येणार नाही. एवढंच एक काम मला येतं.

म्हणून तुझी अट सांगितली, की इथे कोणाचंच पद लागत नाही. त्यांनी पुन्हा विनवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांचा धाकटा भाऊ वाळू याला विचारून लिहिलं, की कुसाबाईंनी गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला, मग ती कोणत्याही आळीतली असो, घरी नेऊन डिंकाचे लाडू दिले. त्यांच्या पश्चात मुलगे वाळू व यादव असा परिवार आहे. वाळूचं नाव आधी, कारण म्हातारी त्याच्याकडे होती.

दशक्रिया ११ तारखेला रामकुंडावर आहे, तुझ्या घराशेजारीच. हात जोडून सांगतो, तू जाऊ नकोस.

वाल्मीक


पंचवटी, नाशिक
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी गेले होते. भाजीची पिशवी घेऊन गेले म्हणजे भाजीला गेले असंच धर.

तुझ्यावर आठ दिवस रागावले होते. माजी एवढी दोन अक्षरं तुला जड झाली म्हणून अंजलीशीही नीट बोलले नाही. आता ऐक.

माणसं पुष्कळ जमली होती. यादवराव मुंडण करून पिंडापुढे हात जोडून उभे. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा, पण एक खाली उतरेना. शेजारच्या पिंडाला झुंबड, यांच्याकडे ढुंकून बघेनात. जो तो म्हातारीच्या मनात काय राहिलं ते आठवायला लागला. एकाने सांगितलं नातीचं लग्न थाटात करू, दुसरा म्हणाला गोठ्यातली कपिला विकणार नाही. कावळा आपला पिंपळावरच. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी पायरीवर उभी, आणि खरं सांगते, मनात देवीला म्हणत होते की आई, असंच चालू दे.

तेवढ्यात वाळू पुढे आला. साधा माणूस, बैलाला हाक मारावी तसा मोठ्याने बोलला, की आये, यादवदादाची नोकरी गेली त्याचा तू घोर घेतला होता, तो आता घेऊ नको, म्या हाय, त्याला उपाशी नाय ठेवणार.

आणि कावळा आला, वाल्मीक. एक नाही, चार.

सगळ्या घाटाने ते ऐकलं. मग कुजबुज सुरू झाली. ते पाहुणे एकमेकांकडे बघतात, रजेवर होते ना असं विचारतात. यादवरावांची मान अशी खाली गेली की हनुवटी छातीला टेकली. तू लिहिलं नाहीस, मी बोलले नाही, शत्रूने काही केलं नाही. सख्ख्या भावाने मायेपोटी चारचौघांत सांगून टाकलं. देवीला मागावं ते यासाठी. आपल्याला इतकं सुबक सुचलं नसतं.

नवस फिटला. तरी घरी येऊन साखरेचा डबा उघडला आणि पुन्हा लावून टाकला. का ते मला सांगता येत नाही. दाजी हसले. हसू देत.

अक्का


पंचवटी, नाशिक
दि. २३ फेब्रुवारी २०२५

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. काल दुपारी दार वाजलं तर यादवराव. इस्त्री नसलेला शर्ट, हातात पिशवी, पिशवीत माझा डबा. घासून लखलखीत केलेला. कचेरीतल्या कपाटात पडून होता, निघताना तेवढा आपल्या सामानात घेतला म्हणाले. उघडला तर आत साखर. म्हणाले की आई सांगायची, कोणाचा डबा रिकामा परत देऊ नये.

मग ते खरं काय ते बोलले. तुझ्याकडे काम हवं आहे. तुला विचारायला तोंड नाही, आणि तूच म्हणाला होतास की अट बहिणीची आहे, म्हणून मालकिणीकडे आलो म्हणाले.

दारी आलेल्याला चहा तरी करावा लागतो. मी त्यांचीच साखर घातली, त्यांच्या कपात आणि माझ्याही. पावणेदोन वर्षांनी साखर खाल्ली. देवाधर्माची बाई म्हणून सांगायला पाहिजे की घशाखाली उतरेना. तसं काही झालं नाही. चहा फार गोड लागला. कप खाली ठेवेपर्यंत मी त्यांच्याकडेच बघत होते.

ठेव त्यांना कामावर. लिहिता येतं त्यांना, तुझं ओझं हलकं होईल. रोज सकाळी उठून लोकांची निधनवार्ता लिहू देत, पद न लावता. पण सगळ्यात आधी आपल्या दादांची बातमी त्यांच्याकडून लिहून घे. तू एक शब्द सांगायचा नाहीस. गावात फिरून, दारोदार विचारून आणू देत. मग बाकीचं काम.

तू याला सूड म्हणशील. मी नाही म्हणत नाही.

डबा परत पाठवते आहे. रिकामा नाही, उघडून बघ.

अक्का


दि. ८ मार्च २०२५

ती. अक्का हिस शि. सा. नमस्कार.

वि. वि. बेसनाचे लाडू पोचले. साखर जरा जास्त आहे, मागची भरपाई दिसते.

यादवराव चार दिवस गावात हिंडले. पहिल्या दिवशी लोकांनी त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि दादांचं सोडून नोकरीचंच विचारलं. ते परत आले तेव्हा मला वाटलं आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी आले. काल बातमी माझ्या पुढ्यात ठेवली. सकाळी सातच्या खबरेत टाकायची आहे. तशीच उतरवून देतो.

‘कारभारी दादा यांचे नऊ वर्षांपूर्वी निधन झाले. परिसरातील अनेक विहिरींत उतरून त्यांनी पडलेल्या मोटारी बाहेर काढल्या. एकदा दोर तुटून पाय मोडला, तरी तो बरा होताच पुन्हा उतरले. खालकर वस्तीवरील विहिरीतली मोटार त्यांनी ऐन उन्हाळ्यात काढून दिली, त्यावर त्या घरची द्राक्षबाग जगली आणि त्या घरचा मुलगा नाशिकला शिकला. त्यांच्या पश्चात मुलगी नवसाबाई व मुलगा वाल्मीक असा परिवार आहे. ही बातमी तेव्हा द्यायची राहून गेली.’

खालकर वस्तीचं मी सांगितलेलं नाही. मला ते माहीतच नव्हतं. नाशिकला शिकलेला तो मुलगा म्हणजे ते स्वतःच. शेवटची ओळही त्यांचीच आहे. मला वाटतं आता पुरे. पण मालकीण तू आहेस. बातमी अशीच ठेवू का, ते कळव. तोवर थांबवतो.

वाल्मीक


पंचवटी, नाशिक
दि. ११ मार्च २०२५

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. बातमी देवापुढे बसून वाचली. डोळे भरले, ते दादांसाठी.

बाकी सगळं जसंच्या तसं ठेव. फक्त शेवटी राहून गेली असं लिहिलंय, ते चालणार नाही. काही राहून गेलेलं नव्हतं. मी दिली नाही, असं त्यांच्या हाताने लिहून घे, आणि खाली त्यांचं नाव घाल. नुसतं यादव.

मग सातला टाक.

तुझी अक्का