मनीला मांडीवर घेऊन वाच

प्रिय ताई,

हे पत्र वाचायला बसशील तेव्हा आधी मनीला पाळण्यातून उचल आणि मांडीवर घे. झोपली असली तरी घे. का, ते पुढे येईलच, पण एवढं माझ्यासाठी कर. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताचं बोट तुला ओळीवर ठेवता येईल. मी शाळेतून आले की तू भांडी घासता घासता माझ्याकडून अक्षरं शिकायचीस, राखेत गिरवायचीस, आणि वर मलाच दटावायचीस, "नीट सांग गं, मास्तरीणबाई, घाई कसली!" आज मला घाई आहे, तरी नीट सांगणार आहे. फोनवर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडतेस. कागदावरचं मात्र शेवटपर्यंत वाचतेस. म्हणून कागद.

माझे उंदीर तुला आवडत नाहीत, ठाऊक आहे. "जग उंदरांना औषध घालतं आणि आमची शिकलेली बाई त्यांना अंथरूण घालते," असं तू भावोजींना सांगून हसवलं होतंस. पण ते घरात शिरणारे उंदीर नव्हेत गं. आमच्या प्रयोगशाळेतले, माणसाच्या हातात वाढलेले. काम संपल्यावर त्यांचं काय करतात ते मी पाहिलं आणि तिघांना घरी घेऊन आले. काजळ, कापशी आणि वकील. वकील मागच्या पायांवर उभा राहून पुढचे हात असे जोडतो की कुणाचा तरी जामीन मागतोय असं वाटावं. कापशी सगळ्यांत भित्री. माझ्या बाहीत शिरून बसायची. माझ्यावरच गेली होती, असं तू म्हणशील.

उंदीर पाळायचे म्हणजे खरी अडचण वासाची. घरमालकीणबाई जिन्यातच थांबून नाकाला पदर लावायच्या आणि दाराकडे न बघता म्हणायच्या, "काहीतरी मेलंय वाटतं कुठे." वास राहिला तर उंदीर जातील किंवा मी जाईन, हे त्यांनी गोड आवाजात कळवलंही होतं. म्हणून मी काय काय केलं! आधी पिंजरा रोज धुतला, तर उंदरांना आपलं घर परकं वाटून ते आणखी मुतायला लागले. मग दुकानातून सुगंधी दाणे आणले. त्यांना फुलांचा वास होता, पण दोन दिवसांनी पिंजऱ्यात नाक घातलं तर खाली तोच मुताचा झोंबरा वास, डोळ्यांत पाणी आणणारा, वर फुलं पसरलेली. आपल्याला वास येत नाही म्हणजे त्यांना येत नाही असं नसतं, ताई. त्यांचं नाक जमिनीलाच लागलेलं असतं. रद्दीचे तुकडे टाकून पाहिले, तर ते लगेच ओले होऊन चिकटायचे.

हे सगळं मी तुला फोनवर रडगाण्यासारखं सांगितलं, आणि पुढच्याच खेपेला भावोजींच्या लाकडाच्या वखारीचा ट्रकवाला माझ्या दारात गोणी टाकून गेला. "तुमच्या भावोजींनी दिलाय. म्हणाले, मेव्हणीच्या उंदरांना राजासारखं झोपू दे." ट्रकवाला इतका हसत होता की त्याला जिना उतरवेना. आत रंध्यातून निघालेला कुरळा, पातळ भुसा. किंचित हिरवट झाक, आणि वास तर असा की नवं कपाट उघडावं. भावोजींनी फोनवर अभिमानाने सांगितलं की हा साधा भुसा नाही, साध्या भुशात किडे होतात, मुंग्या येतात. हा त्यांनी वेगळा निवडून ठेवलेला, मनीच्या गादीत भरलाय तोच. ओलं पितो, वास धरत नाही, आणि किडामुंगी जवळ फिरकत नाही. ती गादी त्यांनी स्वतः भरली आणि तू शिवलीस, हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं! माझी भाची आणि माझे उंदीर एकाच भुशावर झोपतात म्हणून आपण तिघं हसलो होतो.

आणि भुसा खरंच गुणी निघाला. घरमालकीणबाई एकदा चक्क आत आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता कसं, सुताराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं." मीही खूश. पिंजरा आठवडाभर साफ करावा लागत नव्हता. काजळ त्यात बोगदे करायची, वकील बोगद्याच्या तोंडाशी राखण करायचा. कापशी मात्र अगदी तळाशी शिरून झोपायची.

पहिल्यांदा शिंकली तीच. उंदराची शिंक एवढीशी असते, गंमतच वाटते. मग तिच्या नाकाभोवती आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत लाल डाग दिसायला लागले. मला वाटलं रक्त. तू म्हणालीस, "झाला सुरू आमचा भोंगा!" म्हण, तुझा हक्कच आहे. पाण्याच्या टाकीत कावळा मेलाय म्हणून मी अख्ख्या गल्लीला टाकी उपसायला लावली होती आणि आतून कुणाची तरी काळी पिशवी निघाली होती, ते मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी मी गप्प बसून नुसतं बघत राहिले. कापशी खाईना. केस पिंजारलेले, पाठ कमानीसारखी. एका संध्याकाळी ती बाहीत शिरली नाही, म्हणून मी तिला उचलून तिची पाठ कानाला लावली. आत वाळू चाळल्यासारखा बारीक आवाज येत होता. दर श्वासाला. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा ती त्या सुंदर भुशाच्या तळाशी कडक झाली होती, आणि काजळ तिच्या अंगावर भुसा ओढून ओढून तिला झाकत होती.

उरलेल्या दोघांना घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. तोवर वकीलही शिंकत होता. त्यांनी त्याच्या पाठीला नळी लावली, मग मला विचारलं, "खाली काय पसरता?" मी मोठ्या कौतुकाने रुमालात बांधून नेलेला भुसा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, बोटांत चुरला, हुंगला आणि ताबडतोब जाऊन हात धुतले. म्हणाल्या, लाल डाग म्हणजे रक्त नाही, उंदीर आजारी पडला की डोळ्यांतून तसं पाणी येतं. पण हे लाकूड कशात बुडवलंय? वासाच्या लाकडाचा भुसा मुळातच यांच्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि यात तर वाळवीचं औषध दिसतंय. मी म्हणाले, पण याला किडामुंगी लागत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, का लागत नाही, याचा विचार केलात का?"

ताई, मी तिथे उभी होते आणि मला वखारीच्या मागचा तो हौद दिसत होता. आपण बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा तू मला हाताला धरून त्याच्यापासून लांबून न्यायचीस. ताज्या फळ्या त्यात बुडवून उन्हात रचायचे. हिरवं पाणी, आणि त्याच्या कडेला कधी गवताची काडी उगवली नाही. फळ्यांच्या चळतीवर कधी चिमणी बसली नाही. आपण ते रोज बघायचो आणि आपल्याला त्यात काहीच वाटायचं नाही. त्याच फळ्या वाळल्या की रंध्यावर जातात, आणि तोच भुसा भावोजींनी चांगला म्हणून बाजूला काढला. आपल्या माणसांसाठी काढला. त्यांच्यावर चिडू नकोस. इतकी वर्षं उघड्या हातांनी त्या फळ्या उचलणाऱ्या माणसाला त्यात भीती दिसणार कुठून?

मी सगळा भुसा काढला. आता कागदाच्या लगद्याच्या गोळ्या आणि जुन्या चादरींचे तुकडे घालते. ओलं झालेलं रोज काढायचं, बाकीचं त्यांच्या ओळखीचं राहू द्यायचं. थोडा वास येतो, येऊ दे. घरमालकीणबाई पुन्हा पदर लावायला लागल्या आहेत. पण काजळ ठणठणीत आहे, आणि वकिलाच्या पाठीतली वाळू औषधाने कमी कमी होत गेली. काल कान लावला तेव्हा नव्हती.

कालच मी तुला फोन केला. भावोजींनी उचलला, त्यांच्या तोंडावर मला धड काही बोलता येईना. तू घेतलास तेव्हा मी एवढंच म्हणाले की मनीची गादी काढ. तू हसलीस, "उंदराला शिंक आली म्हणून माझ्या पोरीची गादी काढू?" आणि माझं ऐकायच्या आत फोन तिच्या छातीशी धरलास. "ऐक, ऐक तुझी भाची कशी घुरघुरते! मांजरासारखी!" तुम्ही तिला मनी म्हणता ते यासाठीच ना? मीही हेच नाव ऐकून हसत आले होते. काल मी ते नीट ऐकलं. ताई, ती घुरघुर नाही. तो मी कापशीच्या पाठीत ऐकलेला आवाज आहे. माझी चूक होत असेल तर जन्मभर मला भोंगा म्हण, पण आज तिला मुलांच्या डॉक्टरांकडे ने. हे पत्र ट्रकवाल्याकडे देतेय, आणि संध्याकाळच्या गाडीने मीही येतेय, भुसा बाटलीत घालून, डॉक्टरांना दाखवायला. कपाटातल्या जुन्या, धुतलेल्या चादरी काढून ठेव. आता मनी तुझ्या मांडीवर असेल. कान तिच्या पाठीला लाव आणि ऐक. मग तिला कुठेही ठेव, पण त्या गादीवर परत ठेवू नकोस.

तुझीच,
भोंगा