कढई कोणी ढवळायची

मंगळवार, भिंतीवरच्या कॅलेंडरवर विश्वास ठेवला तर सोळा तारीख

लाडके चिमणे,

पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझ्या बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड थांबत नाही, म्हणजे तेही बरेच आहेत.

तू पाठवलेल्या साबणावरून इथे काय महाभारत झालं ते ऐक. आपल्या गावाचा नेम तुला ठाऊकच आहे: गावात बनतं ते बाहेरून आणायचं नाही. तेल घाण्यावरचं, कापड विणकराचं, साबण माझ्या कढईतला. म्हणून तुझ्या कारखान्याची वडी मी ट्रंकेच्या तळाशी लपवली होती. परवा न राहवून वापरली. सगळं गाव एकाच बिनवासाच्या साबणाने न्हातं, हे मी, साबण करणारीच, विसरले बघ! दाराबाहेर पडते न पडते तोच विणकराची बायको नाक वर करून म्हणाली, “आक्का, गुलाब कुठं फुललाय हो?” झालं! संध्याकाळी बैठक बसली. मास्तर म्हणाले, “कुंपणानेच शेत खाल्लं.” मी म्हटलं, “भाचीने प्रेमाने पाठवलाय, सहज वापरला.”

तुलाही तेच लिहिणार होते. पण सहज नाही गं. राखेच्या पाण्याने माझे हात फाटलेत. भेगांत आपलाच साबण असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. तुझा झोंबला नाही. खांदाही आता साथ देत नाही, ढवळणं कमी पडतं, म्हणून मागच्या खेपेच्या वड्या मऊच राहिल्या. लोकांनी त्या बैठकीत आणूनच दाखवल्या, मेल्यांनी.

मग ठरलं की पोरीला कढई सांभाळायला बोलवा, नाहीतर कढई बंद. “आज साबण बाहेरून आणू, उद्या तेल, परवा कापड. मग गाव नुसतं झोपायला उरेल,” मास्तर म्हणाले. खोटं नाही बोलले. मी म्हटलं, लिहिते तिला.

तेच हे पत्र. मास्तर सकाळपासून दोनदा डोकावून गेले, “लिहिलंत का?” म्हटलं, लिहितेय.

कायमच्या नोकरीच्या कागदावर सही करू का, असं तू विचारलं होतंस. तुझं मशीन एका दुपारी पाडतं तेवढ्या वड्या मी जन्मात पाडल्या नसतील. तरी मला त्याची भुरळ नाही बाई. इथे वडी बिघडली की लोक माझ्या दाराशी येऊन भांडतात. तुझी बिघडली तर कोण कोणाच्या दाराशी जाणार? पण मशीनबद्दल लिहिताना तुझं अक्षर कसं धावतं! कढईपाशी तू नुसते सुस्कारे टाकायचीस.

सही कर. बिनधास्त कर.

गावाला गावचा साबण हवा ना, मग गावाने ढवळावा. आज पुन्हा बैठक आहे, तिथे तेच सांगणार आहे. घराघराची पाळी लावा, मी स्टुलावर बसून ओरडेन. ओरडणं अजून छान जमतं मला. नाहीच ऐकलं तर कढई थंड होईल. मला वाईट वाटेल, रडेनही. पण तिच्याखाली तुला जाळणार नाही.

तुझ्याशिवाय घर खायला उठतं, हे मात्र खरं. कढईसाठी येऊ नकोस. मला बघायला ये, चार दिवस राहा, आणि परत जा. मी अडवलं तरी जा.

तुला जाऊ देणारी आणि तुझी वाट बघणारी,
आत्या