पन्हळीतले भोवरे आणि माझं डोकं

ती. आत्यास साष्टांग नमस्कार,

पत्र लिहायचं उद्यावर ढकलत गेलो, आणि हा उद्या काही केल्या येईना. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला?

मी सध्या पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे. काचेची लांब पन्हळ, तळाला पत्रा, वरून वाहतं पाणी. मी सुईतून शाई सोडायची आणि बाईंनी (आमच्या प्रमुख, मला 'अहो' म्हणतात, सवय होईना) बघायचं. आत्या, पत्र्याला टेकलेलं पाणी जागचं हलतच नाही, आणि वरचं तर पळत सुटलेलं. मधल्या थराची ओढाताण होते, आजोबा आणि धाकटे काका यांच्यामध्ये तुझी व्हायची तशी. त्यातून भोवरे उठतात. शाईचा धागा तळाशी लोळतो, मान वर करतो, वेटोळं घालतो आणि धूर होऊन विरतो. बघताना वाटतं, आपण ढगावर पालथे पडलोय. (काळजी नको, जेवतो नीट.)

असाच बघताबघता डोळा लागला आणि डोकं पाण्यात गेलं. केस बसावेत म्हणून मी भिजवलेल्या जवसाचा बुळबुळीत रस चोपडतो, तो सगळा धुऊन गेला. डोकं वर काढतो तर भोवरे निवलेले, शाई आळसावलेल्या मांजरीसारखी लांब पसरलेली. नेमका त्याच सकाळी बाईंनी बारीक खाचा पाडलेला नवा पत्रा बसवला होता. त्या आल्या, पाहिलं, आणि चष्मा काढून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं शोधत होत्या तो भोवरे निववणारा पत्रा हाच, असं त्यांना वाटलं. मी डोकं पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाणी बदललं. पत्रा तोच, भोवरे पुन्हा हजर. तेव्हा कुठे मला उमजलं, भोवरे निवले होते ते माझ्या केसांतल्या जवसाने. तेव्हापासून रोज, बाई यायच्या आधी, मी पन्हळीत डोकं बुडवतो. परवा पाहुण्यांसमोर त्या पत्र्याचं कौतुक सांगणार आहेत. खरं बोललो तर त्यांचं मन मोडेल, गप्प राहिलो तर नाव जाईल. उद्या बोलणारच.

तुझा भटका भाचा

ता. क. बोलणार आहेच, पण धीर झाला नाही तर हाताशी असावं म्हणून पिशवीभर जवस तातडीने पाठव.

आणखी ता. क. आत्ता दार वाजलं. बाई आल्यात. माझ्या खोलीवर त्या कधी येत नाहीत. त्यांच्या केसांतून पाणी गळतंय. म्हणाल्या, "सकाळी काचेतून तुम्हाला पाहिलं. मग पाणी बदलून माझं डोकं बुडवलं. भोवरे होते तसेच. चला, आता तुमचं."