गावाकडून तिसरा खांब

मंगळवार, शिवाजी पेठ

चूक माझीच. गप्प बसायला हवं होतं का?

आमदारांचा विधानसभेतला लेखी प्रश्न आमच्या बांधकाम विभागाकडे आला होता: राधानगरीकडच्या ओढ्यावरील साकवाचा तिसरा खांब खचला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, दुरुस्ती कधी करणार? उत्तराचा मसुदा माझ्याकडे, कारण गेल्या आठवड्यात पाहणी मीच केली. खांबाच्या पायाखाली माझा हात कोपरापर्यंत आत गेला. वरून दुधाची किटली घेऊन चाललेल्या मावशी थांबून म्हणाल्या, "मापून काय हुतंय, म्याडम? दर साली मापत्यात की! शाळंची पोरं ह्यावरनंच जात्यात."

आज साहेबांना सांगितलं, आपल्या नोंदीत तो दुसरा खांब आहे. एकूण चार, आपण रस्त्याकडून मोजतो, गाव आपल्या बाजूनं मोजतं. साहेब एकदम खूश. "मग तिसरा चांगला हाय न्हवं? लिवा, हे खरे नाही. पुढचं उत्तर द्यायलाच नको. प्रश्न उद्भवत नाही!"

मी नेमकेपणासाठी सांगितलं आणि त्यांनी त्याचीच पळवाट केली. कोपरापर्यंत हात गेला, तो खांब कुणीही कुठूनही मोजला तरी खालून पोकळच आहे ना?

शेवटी मसुद्यावर पेनानं लिहिलं: हे खरे आहे. गावाकडून तिसरा, नोंदीनुसार दुसरा. खाली सही केली आणि फाइल त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

खोडतीलही. पण आता खोडायचं तर त्यांना स्वतःच्या सहीनं खोडावं लागेल.